लाळ-खुरकूत : एका दावणीचा रोग साऱ्या शिवाराला



या पानावर आम्ही नेहमी बेण्याबद्दल, लागणीच्या सरीबद्दल, खोडव्यातील पाचटाबद्दल लिहितो. या वेळी जनावरांच्या एका रोगाबद्दल लिहीत आहोत. 'शेतकी विभागाने ऊस बघावा, जनावरांत कशाला लक्ष घालावे?' असे कोणी म्हणेल. परंतु शेतातला ऊस कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत आणण्यात बैलगाडीचा वाटा अजून आहे, आणि उसाच्या दोन हप्त्यांच्या मधल्या काळात आपल्यापैकी बहुतेकांचे घर चालते ते दुधावर. बैल बसला की तोड थांबते, गाय बसली की घरखर्च थांबतो. लाळ-खुरकूत हा रोग दोन्ही एकदम बसवतो.

आम्ही पशुवैद्य नाही. जे लिहितो आहोत ते डॉक्टरांकडून समजून घेतलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले आहे. आधी पाहिलेले सांगतो.

आमच्या एका गटातील गोष्ट

काही हंगामांपूर्वी आमच्या एका गटात डिसेंबरच्या सुमारास गाडीवानांची टोळी उतरली होती. तोड सुरू होऊन आठवडा झाला असेल. एका सकाळी चिटबॉय सांगत आला, 'साहेब, एक बैल लाळ गाळतोय, चारा घेत नाही.' गाडीवान म्हणाला, 'वाढ्याचं पान जिभेला कापलं असंल.' आम्हीही मान डोलावली. ती पहिली चूक. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कोपीचे दोन बैल लंगडू लागले, आणि आठवड्याच्या आत टोळीतल्या निम्म्या जोड्या बसल्या.

लगेच बोट दाखवणे सुरू झाले. तोडीच्या फडाला लागून असलेल्या रिकाम्या रानात दहा-बारा दिवसांपूर्वी एका मेंढपाळाने मेंढ्या बसवल्या होत्या. त्यातल्या काही लंगडत होत्या हे दोघा-तिघांनी पाहिले होते. 'मेंढरांनी रोग आणला' असा निकाल लागला. मेंढपाळाला शिवारातून हुसकावण्यापर्यंत गोष्ट गेली. खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटले.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी बैल पाहिले, मेंढ्यांची तोंडे उघडून पाहिली आणि विचारले, 'या मेंढ्या पाणी कुठं प्यायच्या?' पाणी रानाच्या मालकाच्या, म्हणजे आपल्याच एका सभासदाच्या, गोठ्यापुढील हौदावर. गोठ्यात दोन संकरित गाई होत्या. दोन्हींच्या कानात बिल्ला, दोन्हींना लस, दोन्ही धडधाकट. पण कोपऱ्यात पाच शेळ्या बांधल्या होत्या, त्यांना लस नव्हती. दोघींच्या हिरड्यांवर भरत आलेले व्रण डॉक्टरांना दिसले. घरच्या बाई म्हणाल्या, 'मेंढरं यायच्या आधी शेळ्या दोन दिस लंगडत हुत्या. काटा मोडला असंल म्हणून सोडलं. अन् त्याच आठवड्यात पाच महिन्यांचं वासरू उभ्या उभ्या पडून गेलं.' त्या वासराला लस टोचायची राहून गेली होती. आणि पाचांतली एक शेळी पंधरवड्यापूर्वी बाजारातून आणलेली होती.

आता क्रम लावा. बाजारातली शेळी, तिच्यापासून घरच्या शेळ्या आणि वासरू, हौदावरून मेंढ्या, मेंढ्यांच्या रानातून बैल. ज्यांना लस होती त्या गाई मात्र मधल्या मध्ये सुटल्या. आणि ज्या सभासदाच्या गोठ्यातून हे सुरू झाले, त्यांचाच ऊस त्या टोळीच्या वाट्याला होता. तो तीन आठवडे उशिरा तुटला. गाडीवानाचे हाल तर विचारू नका. मुकादमाकडून उचल घेऊन आलेला माणूस, जोडी दीड महिना जुवाखाली गेली नाही. त्यातला एक बैल पुढे फाल्गुनात ऊन लागले की धापा टाकायचा.

त्या सभासदांना आम्ही विचारले, शेळ्यांना लस का नाही दिली? ते म्हणाले, 'शेळीलाही ही लस असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.' त्या उत्तराला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.

हा रोग कोणाला होतो?

लाळ-खुरकूत रोग अतिसूक्ष्म विषाणूमुळे होतो. १८९८ साली जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की रोगी जनावराच्या फोडातील पाणी जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळले तरी त्याने रोग होतो. जनावरांच्या रोगांत विषाणूचा पहिला शोध तो हाच.

ओळख सोपी आहे : ज्याचा खूर दुभंगलेला, त्याला हा रोग. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, रानातले हरीण, सगळे यात आले. घोडा आणि गाढव यांना होत नाही. मेंढपाळाच्या कळपात मेंढ्या आजारी पडल्या तरी त्याचा सामान वाहणारा घोडा ठणठणीत राहतो तो यामुळेच. माणसाला हा रोग होणे अत्यंत दुर्मिळ. लहान मुलांच्या हात-पाय-तोंडावर फोड येणारा ताप हा वेगळ्याच विषाणूचा आहे, त्याचा आणि जनावरांचा संबंध नाही.

पण सर्वांना होतो म्हणजे सर्वांना सारखाच होतो असे नव्हे. सगळी मेख इथेच आहे.

गाय आणि बैल : यांना रोग पटकन लागतो आणि ठळक दिसतो. यांचा श्वास मोठा, त्यामुळे हवेतला थोडासा विषाणूही यांना पुरतो. ताप, तोंडातून दोरीसारखी लाळ, जिभेची साल निघणे, खुरांच्या बेचक्यात फोड, सडांवर फोड. संकरित जर्सी-होल्स्टीनला त्रास जास्त, खिलारसारख्या देशी जनावराला बहुधा कमी. मोठे जनावर सहसा मरत नाही, पण लहान वासराच्या हृदयावर घाला पडतो आणि ते लक्षण दाखवण्याआधीच जाते.

म्हैस : रोग होतो, परंतु तोंडातले व्रण लहान असतात आणि लवकर भरतात. आपली पंढरपुरी म्हैस दोन दिवस चारा कमी खाते, दूध कमी देते, आणि आपण म्हणतो 'हवा बदलली'. तेवढ्यात तिने शेजारच्या दावणीला रोग दिलेला असतो.

शेळी आणि मेंढी : इथे रोग लपतो. लाळ फारशी नाही, तोंडात लहानसा व्रण, तो चार-सहा दिवसांत भरतो. नुसते लंगडणे. खडकाळ रानात फिरणारी मेंढी लंगडली तर कोणाला संशय येणार? कळप मात्र विषाणू घेऊन गावोगाव चालत राहतो. याच रोगामुळे नुकतीच जन्मलेली कोकरे पटापट दगावतात, तेव्हा कोठे लक्षात येते.

डुक्कर : हा विषाणूचा कारखाना. रोगी डुक्कर श्वासावाटे गाई-मेंढीच्या शेकडो पटींनी विषाणू बाहेर टाकते. मात्र डुकराला स्वतःला रोग बहुधा खाण्यातून लागतो : उष्टे-खरकटे, उकिरड्यावर टाकलेले मांस, मेलेले वासरू.

थोडक्यात, मेंढी-शेळी रोग लपवते, डुक्कर तो वाढवते, आणि गाय-बैल तो दाखवतात. आपण मात्र जिथे दिसतो तिथेच उपाय करतो.

बरे झालेल्या जनावराच्या घशातही विषाणू दडून राहतो : गाईत तीन वर्षांपर्यंत, मेंढीत नऊ महिन्यांपर्यंत, शेळीत सुमारे चार महिने. डुकरात तो असा राहत नाही. अशा दडलेल्या विषाणूपासून साथ सुटणे क्वचितच घडते, म्हणून बरे झालेले जनावर घाबरून विकू नये. पण नव्याने खरेदी केलेले जनावर 'दिसायला चांगलं' म्हणून लगेच दावणीला बांधणेही बरे नव्हे.

रोग प्रवास कसा करतो?

लाळ, दूध, शेण, मूत्र, फोडातील पाणी, श्वास, सगळ्यांतून विषाणू बाहेर पडतो. रोग शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात. आणि ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, लाळ गळू लागण्याच्या आधीच, कधी कधी चार दिवस आधीपासून, दुधातून विषाणू येत असतो. म्हणजे रोग दिसला त्या दिवशी आपण आधीच उशीर केलेला असतो.

थंड आणि दमट हवेत हा विषाणू वाऱ्यावरही दूर जातो. १९८१ साली फ्रान्सच्या ब्रिटनी भागातील डुकरांपासून तो समुद्रावरून अडीचशे किलोमीटर उडून इंग्लंडजवळच्या वाइट बेटावरील गाईंना लागला. आपल्या सोलापूरच्या कोरड्या, कडक उन्हात इतक्या लांबची भीती नाही. उन्हात तो लवकर मरतो. पण गळीत हंगाम हा थंडीचा. पहाटेच्या गारव्यात, ओल्या शेणात, सावलीतल्या चाऱ्यावर तो कित्येक दिवस टिकतो. आपल्याकडे त्याचे खरे वाहन वारा नसून आपणच आहोत. वाटा पाहा :

१. सामाईक हौद. गाडीतळावर शेकडो बैल एकाच हौदाला तोंड लावतात. एकाची लाळ पाण्यात, सगळ्यांच्या पोटात.

२. वाढे. टोळीच्या बैलांपुढचे उरलेले वाढे आपण गोठ्यासाठी घेतो. बैलाने तोंड लावलेले वाढे म्हणजे घरपोच रोग.

३. बाजार आणि यात्रा. सांगोल्याचा आठवडी बाजार, पंढरपूरची कार्तिकी, सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, इथे दूरदूरची जनावरे एकत्र येतात. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांतही अशीच गर्दी होती.

४. माणूस. दूध काढणाऱ्याचे हात, कपडे, वहाणा, औषध पाजायची नाळ, दुधाचे कॅन, ट्रॉलीची चाके. रोगी जनावरात वावरलेल्या माणसाच्या नाकात-घशात विषाणू दिवसभर राहू शकतो.

५. कुत्री व कावळे. यांना रोग होत नाही, पण मेलेल्या वासराचे तुकडे हेच गावभर नेतात.

विलायतेतील धडा

हे सगळे अडाणी शेतकऱ्याकडेच घडते असे समजू नये. इंग्लंडसारख्या देशात २००१ साली काय झाले पाहा. उत्तरेकडील एका फार्मवर डुकरांना न उकळलेले खरकटे घातले जात होते. तिथून विषाणू वाऱ्याने जवळच्या फार्मवरील मेंढ्यांना गेला. मेंढ्यांत तो दिसलाच नाही. त्या मेंढ्या हेक्सहॅम आणि लाँगटाउनच्या बाजारात विकल्या गेल्या आणि देशभर पांगल्या. २० फेब्रुवारीला रोगाचे निदान झाले तेव्हा तो पन्नासहून अधिक ठिकाणी पोचून चुकला होता. साथ थोपवण्यासाठी साठ लाखांहून जास्त जनावरे मारावी लागली. त्यात मेंढ्याच सर्वांत अधिक.

आणखी एक गोष्ट. विषाणूच्या ज्या वाणाने हा अनर्थ केला, तो वाण जगात पहिल्यांदा नोंदला गेला १९९० साली, आपल्या भारतात. डुकराने वाढवला, मेंढीने लपवला, बाजाराने पसरवला. आमच्या गटातील गोष्ट आणि ही गोष्ट यांत फरक फक्त आकाराचा.

'लंपी'सारखे समजू नका

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यातून लंपीची साथ राज्यभर पसरली, ती सर्वांच्या स्मरणात आहे. त्यामुळे काही सभासद दोन्ही रोगांना एकच नियम लावतात. लंपी मुख्यतः गाई-बैलांचा, म्हशीला कमी, शेळी-मेंढीला होत नाही, आणि तो पसरतो प्रामुख्याने माशा, डास, गोचीड यांच्या चावण्याने. तिथे फवारणीला महत्त्व. लाळ-खुरकूत रोगाला माशीची गरज नाही आणि तो शेळी-मेंढीला सोडत नाही. इथे नुसती फवारणी करून भागणार नाही, लसच हवी. लंपीच्या वेळी गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली, कारण ते दोन विषाणू भाऊबंद आहेत. लाळ-खुरकूत रोगाला असा भाऊबंद नाही. त्याची लस वेगळी, ती वेगळीच टोचावी लागते.

लस : कोणाला आणि केव्हा?

आपल्याकडे या विषाणूचे तीन प्रकार आढळतात : ओ, ए आणि एशिया-१. एका प्रकाराचा रोग होऊन गेला तरी दुसऱ्यापासून संरक्षण नाही. 'आमच्या बैलाला मागं येऊन गेलाय, आता काय होत नाही' हे म्हणणे म्हणूनच चुकीचे. लसीत तिन्ही प्रकार असतात, पण तिची ताकद सहा महिन्यांच्या आसपास टिकते. वर्षातून दोनदा टोचणे म्हणूनच आवश्यक.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात गाई-म्हशींबरोबर शेळी, मेंढी आणि डुक्कर यांनाही ही लस देण्याचे ठरले आहे. पैसे पडत नाहीत. तेव्हा डॉक्टर गावात आले की दुभत्या गाईपुरते थांबू नका, दावणीची सगळी जनावरे पुढे करा. वासराला चार महिन्यांचे झाल्यावर पहिली लस, महिन्याने दुसरी, पुढे दर सहा महिन्यांनी. गाभण जनावराबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे.

लस टोचल्यावर पुरती ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. टोळी गाडीतळावर उतरल्यावर लस शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. म्हणून आमचा हिशेब असा : पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंत पहिली फेरी पुरी करावी. पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो, झूल घालतो. त्याच आठवड्यात त्याला लसही द्यावी, म्हणजे पूजा सार्थकी लागली. दुसरी फेरी हंगाम संपताना, टोळ्या घरी परतण्याआधी.

हंगामात पाळायच्या गोष्टी

१. नवीन जनावर, मग ती बाजारची शेळी का असेना, निदान पंधरा दिवस वेगळे बांधावे.

२. टोळीच्या बैलांना आपल्या गोठ्याच्या हौदावर आणू नये. फडावर वेगळ्या टाकीत पाणी द्यावे. याला कोणी मनाला लावून घेऊ नये, यात दोघांचेही हित आहे.

३. वाढे थेट फडातून घ्यावे, बैलांपुढून उचललेले घेऊ नये.

४. रानात मेंढ्या बसवण्याआधी मेंढपाळाला लसीबद्दल विचारावे. नसेल तर त्याला हाकलू नये, दवाखान्याशी गाठ घालून द्यावी. त्याचा कळप सुरक्षित तर आपले शिवार सुरक्षित.

५. गोठ्याच्या दारात धुण्याच्या सोड्याच्या पाण्याची पाटी ठेवावी. दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम सोडा. त्यात पाय बुडवूनच आत यावे.

रोग दिसलाच तर

लपवू नये. २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा साथीच्या रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत कळवावे, अथवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. आमच्या गट कार्यालयातही सांगावे, म्हणजे टोळी कोठे पाठवायची ते आम्हाला ठरवता येईल. खबर दिली म्हणून कोणाच्या उसाची तोड मागे पडू नये यासाठी आम्ही झटू.

आजारी जनावर वेगळे बांधावे आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करावे. तोंड तुरटीच्या किंवा फिकट गुलाबी पोटॅशच्या पाण्याने धुवावे, जिभेला बोरिक पावडर व ग्लिसरीन लावावे. कडबा न घालता पेज, आंबील, कोवळा चारा द्यावा. खूर स्वच्छ व कोरडे ठेवावेत, माशी बसू देऊ नये, नाहीतर अळ्या पडतात. चिखलातून चालवू नये. बैलाला डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत जू लावू नये. वासरांना आजारी गाईचे दूध पाजू नये. मेलेले वासरू उघड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावे.

शेवटी

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'बुळकांडी' आठवत असेल. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग. गावोगाव लस टोचून तो हटवला गेला. २००६ साली भारत त्यातून मुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. लाळ-खुरकूत त्याहून चिवट आहे : प्रकार तीन, लसीची ताकद सहाच महिने, आणि लपायला शेळी-मेंढी. पण तोही हटू शकतो. अट एकच, गावातले एकही दुभंगल्या खुराचे जनावर मागे राहता कामा नये.

येत्या पोळ्याला आमचे गटातील कर्मचारी लसीकरणाची यादी घेऊन आपल्या दारी येतील. ते गाई-म्हशी विचारतील, बैल विचारतील, आणि मग विचारतील, 'शेळ्या किती?' तेव्हा हसू नका. आकडा खरा सांगा.